वळणावरची नागली

ललित गावित नोकरी काय करतो, हे त्याच्या सासऱ्याला कधी नीट कळलं नाही. पाड्यावर कुणी विचारलं की सोमाबाबा सांगायचे, "आमचा जावई नाशकात खोट्या गाड्या चालवतो." आणि गंमत अशी, की याहून नेमकं उत्तर खुद्द ललितलाही देता आलं नसतं. अंबडच्या औद्योगिक वसाहतीत, एका पत्र्याच्या शेडच्या वरच्या मजल्यावर, त्यांची छोटीशी कंपनी ट्रक चालवायला शिकवणारी यंत्रं बनवायची. ट्रकची खरी केबिन, खरं स्टिअरिंग, खरे ब्रेक. फक्त काचेच्या जागी पडदे आणि पडद्यावर संगणकातला रस्ता. शिकाऊ ड्रायव्हरनं तिथं हवे तेवढे ट्रक दरीत घालावेत, कुणाच्या केसालाही धक्का लागत नसे.

या खोट्या गाडीचं चाक खोट्या रस्त्याला जिथं टेकतं, तेवढी तळहाताएवढी जागा ललितच्या ताब्यात होती. चाक रस्त्याला किती दाबतं आणि रस्ता चाकाला किती धरून ठेवतो, या दोन गोष्टी संगणकाकडून क्षणाक्षणाला मोजून घ्यायच्या, हे त्याचं काम. दाब आणि पकड. वळणावर गाडीला बाहेर ढकलणारा जोर पकडीहून जास्त झाला की चाक घसरतं. शास्त्र म्हणाल तर इतकंच. पण त्यात जरा गफलत झाली की पडद्यावरचा ट्रक साबणाच्या वडीसारखा सुळकन निघून जायचा, आणि मग सगळं ऑफिस खुर्च्या फिरवून ललितकडे बघायचं.

एकदा तर उभ्या ट्रकच्या चाकाखाली दाब शून्य दिसायला लागला. एवढा थोरला ट्रक आणि वजन शून्य! ललितनं दोन दिवस डोकं खाजवलं तेव्हा उलगडा झाला. एखादी वस्तू हलायची थांबली की संगणक आपले श्रम वाचवायला तिला झोपवून टाकतो, आणि झोपवलेल्या वस्तूखालचं काहीच मोजत नाही. हा किस्सा त्यानं घरी बायकोला, रोशनीला, सांगितला तेव्हा ती पोट धरून हसली. "म्हणजे आमच्या दिनेशसारखंच की! झोपला की मेल्यागत. वर पोतं टाकलं तरी त्याला पत्ता नाही."

दिनेश हा तिचा धाकटा भाऊ. पेठच्या अलीकडे, घाट उतरला की लागणाऱ्या पाड्यावर तो आईबापांबरोबर भात आणि नागली पिकवायचा. रोशनी पंचवटीतल्या एका दवाखान्यात नर्स होती. ललितचे आईवडील तो आश्रमशाळेत असतानाच गेले होते, वसतिगृहांच्या खाटांवर तो मोठा झाला होता. त्यामुळे लग्न झालं तेव्हा त्याला नुसती बायको नाही, जायला एक घर मिळालं. सासूला, अक्काबाईंना, तो मामी म्हणायचा, सासऱ्याला मामा. शनिवारी संध्याकाळी पेठ रोडनं गाडी काढायची, चुलीपुढं बसून नागलीची भाकरी आणि उडदाचं भुजं खायचं, आणि सासऱ्याकडून खोट्या गाड्यांची टिंगल ऐकून घ्यायची. याहून जास्त सुख त्यानं मागितलं नव्हतं. मागितलं नव्हतं म्हणून ते टिकेल, असं मात्र त्याला उगाच वाटत राहिलं.

आता नागलीबद्दल, म्हणजे नाचणीबद्दल, सांगायला हवं. मोहरीएवढा, गोल, टणक दाणा. पूर्वी कणसं मळायला खळं करायचे, शेणानं सारवायचे, त्यावर बैल फिरवायचे. बैल गेले आणि डांबरी रस्ता आला. त्या बाजूच्या पाड्यांना रस्ता म्हणजे आयतं सारवलेलं खळं वाटलं, आणि त्यावरून फुकटात फिरणारे बैल म्हणजे ट्रक, जीप आणि एसटी. सकाळी कणसं रस्त्यावर पसरायची, दिवसभर गाड्या वरून जाऊ द्यायच्या, संध्याकाळी झाडून, उपणून दाणे पोत्यात भरायचे. रोशनी लहानपणी स्वतः तिथं झाडू मारायला बसलेली. चुकीचं काही चाललंय असं कुणाच्या स्वप्नातही आलं नाही, आणि मी तिथं जन्मलो असतो तर माझ्याही आलं नसतं.

दिनेश तर या कामात पाड्यावर हुशार मानला जायचा. बाकीचे लोक सरळ रस्त्यावर कणसं पसरायचे. तिथं गाड्या वेगात जातात आणि निम्मे दाणे उडून गटारीत पडतात. दिनेशनं घाटाच्या पायथ्याचं उताराचं वळण हेरलं होतं. तिथं भरलेले ट्रक खालच्या गिअरमध्ये सावकाश जातात, चांगले दाबून जातात, दाणा जागच्या जागी सुटतो. एकाच दिवसात त्याचं मळून व्हायचं. लोक त्याच्या डोक्याचं कौतुक करायचे.

गेल्या वर्षी दिवाळी सरल्यावर रोशनी नव्या नागलीची पहिली भाकरी खायला माहेरी निघाली. ललितला सुट्टी नव्हती. तिच्या स्कूटरचा पुढचा टायर गुळगुळीत झाला होता, आणि ते ती त्याला बरेच दिवस सांगत होती. आधी तो म्हणाला दिवाळीनंतर बघू. दिवाळीनंतर म्हणाला येत्या रविवारी. रविवार उजाडायच्या आत ती गेली. वळणावर दिनेश झाडू घेऊन उभा होता. त्यानं लांबूनच बहिणीला हात केला. तिनंही मान हलवली. मग स्कूटर आडवी झाली, आणि मागून येणाऱ्या टेम्पोला थांबता आलं नाही.

पंचनाम्यात 'वाहन घसरून' असं लिहिलं गेलं. घसरून म्हणजे कशानं, हे कुणी विचारलं नाही. दुचाक्या घसरतातच.

त्या दिवसाची नागली घरच्यांनी कशीबशी गोळा केली, पोत्यात भरली आणि पोतं कोपऱ्यात उभं केलं. ते कुणी दळलंही नाही आणि फेकलंही नाही. अन्न फेकायचं कसं, आणि खायचं तरी कसं? दिनेश त्या पोत्याकडे पाठ करून बसायचा. शेतावर जाईना, कुणाशी बोलेना. अक्काबाईंनी एकदा ललितला अंगणाच्या कडेला नेऊन हळूच सांगितलं, "त्याच्या डोळ्यांत बघवत नाय रं. फवारणीच्या औषधाचा डबा मी उकिरड्यात पुरून ठिवलाय. तुझ्या मामालाबी सांगितलं नाय."

शिमग्याच्या सुमारास दिनेश आपण होऊन नाशकाला आला. ललितच्या दोन खोल्यांत, जिथं रोशनीचा दवाखान्यातला पांढरा कोट अजून दाराआडच टांगलेला होता, तिथं तो जमिनीवर बसला. चहा पुढं ठेवला तो तसाच राहिला.

"दाजी, चाक रस्त्याला किती धरतं, ते तुम्ही मोजता ना?"

"हो. मशीनवर मोजतो."

"मंग आमच्या वळणाचं मोजा. नागली नसती तं ताई गेली नसती का, तेवढं सांगा." त्यानं प्रथमच मान वर केली. "लोक म्हणतेत नशीब व्हतं. मला नशीब नको. खरं काय ते पायजे. नाय तं मला जगता येणार नाय."

ललितनं नाही म्हणायला हवं होतं. शहाण्या माणसानं म्हटलं असतं. पण त्याच्याही छातीवर एक धोंडा होता, आणि तो टायरचा होता. रोज सकाळी जाग आली की पहिला विचार तोच. आपण त्या आठवड्यात टायर बदलला असता तर? दिनेशनं आपल्या नागलीबद्दल विचारलं, आणि ललितला ऐकू आला स्वतःचाच प्रश्न. तो म्हणाला, "मोजतो."

कंपनीचा मालक आल्हाद हा नाशकातलाच, भल्या घरचा, मवाळ माणूस. रविवारी ऑफिस उघडून वापरू का, असं ललितनं विचारलं आणि कशासाठी तेही सांगितलं. आल्हाद बराच वेळ टेबलावरचा पेपरवेट फिरवत राहिला. "वापर," तो म्हणाला, "पण ललित, उत्तर मिळालं तर त्याचं काय करणार आहेस, ते आधी ठरव." त्याचं म्हणणं सोळा आणे खरं होतं, आणि ललितनं ते सोयीस्करपणे कानाआड केलं.

पडद्यावरचे रस्ते बनवणाऱ्या स्वानंदीनं घाटाच्या पायथ्याचं ते वळण हुबेहूब उभं केलं. उतार, बाहेरच्या बाजूचे दगड, सागाची झाडं. स्कूटरही केली. "वर माणूस?" तिनं चाचरत विचारलं. "माणूस नको," ललित म्हणाला. "नुसतं वजन ठेव." तिनं सीटवर एक राखाडी चौकोनी ठोकळा ठेवला.

रस्ता झाला, गाडी झाली. पण नागलीची पकड किती धरायची? ओलं डांबर, खडी, वाळू यांचे आकडे ललितकडे तयार होते. नागली पसरलेल्या डांबराचा आकडा कोण कशाला काढून ठेवणार? मनानं घालावा तर उत्तरही मनाचंच यायचं. म्हणून त्यानं तो स्वतः काढला. दिनेशनं कोपऱ्यातल्या पोत्यातली पिशवीभर नागली एसटीतून आणून दिली. ललितनं पोलिसांकडून परत आलेल्या स्कूटरचा पुढचा टायर काढून त्याचा तुकडा कापला. दुकानातून तसाच नवा टायर आणून त्याचाही तुकडा कापला. वळणाच्या कडेचा उखडलेला डांबराचा पापुद्रा फळीवर बसवला, त्यावर तुकडा ठेवला, तुकड्यावर वजन ठेवलं, आणि फळीचं एक टोक हळूहळू उचललं.

कोरड्या, स्वच्छ डांबरावर जुना टायर सुटता सुटेना. फळी अर्ध्यावर उभी झाली तरी तो चिकटून राहिला. नवा तसाच. मग ललितनं डांबरावर मूठभर नागली पसरली. फळी जेमतेम उचलली आणि जुना तुकडा घरंगळला. त्यानं घाईघाईनं नवा लावला. तोही तिथंच घरंगळला. पुन्हा लावला. पुन्हा तिथंच. दाणे फरशीवर उड्या मारत कपाटाखाली गेले, आणि ललित गुडघ्यांवर बसून ते वेचत राहिला. सासरचं अन्न होतं, पायाखाली येऊ देववेना.

तरी त्याचं समाधान झालं नाही, किंवा खरं सांगायचं तर त्याला समाधान करून घ्यायचंच नव्हतं. त्यानं संगणकात दाणा न् दाणा उभा केला. चाकाच्या तळहाताएवढ्या जागेखाली हजारो गोळ्या, प्रत्येक गोळी शेजारणीला टेकलेली, वर रबराला, खाली डांबराला टेकलेली, आणि त्या प्रत्येक टेकण्यातला जोर वेगळा मोजायचा. संगणक कण्हायला लागला. एक क्षण मोजायला अख्खी दुपार घ्यायचा. पण उत्तर तेच देत होता. चाकाखालचा दाब होता तेवढाच होता, त्यात तसूभर कमी नव्हता. पकड मात्र जवळजवळ नव्हतीच. रबर दाण्यांवर टेकलेलं होतं आणि दाणे गोल होते. रस्त्यापर्यंत चाक पोचतच नव्हतं, मग त्यावर नक्षी असली काय नि नसली काय?

मग त्यानं पडद्यावर स्कूटर सोडली. नवा टायर आणि नागली: स्कूटर पडली. वेग कमी केला: पडली. आणखी कमी केला: पडली. ठोकळा सीटवरून खाली उतरवून गाडी चालत्या माणसाच्या वेगानं नेली, तेव्हा कुठं ती वळणापार गेली. म्हणजे रोशनीनं काय करायला हवं होतं? उतरून, हातानं ढकलत गाडी न्यायला हवी होती. आपल्या माहेरच्या रस्त्यावर, भाऊ समोर उभा असताना, कोण असं करतं?

शेवटी त्यानं जुना, गुळगुळीत टायर ठेवला आणि नागली काढून टाकली. स्कूटर उतारावरून आली, वळणात कलली, आणि सरळ निघून गेली. सागाच्या झाडांमधून, पाड्याच्या दिशेनं, घरी.

ललितला मोकळं वाटलं. हे लपवण्यात अर्थ नाही. कित्येक महिन्यांचा धोंडा उतरला आणि त्यानं पोटभर श्वास घेतला. मग त्याच्या ध्यानात आलं, की तो धोंडा कुठं जाऊन पडणार आहे, आणि त्याला स्वतःची किळस आली.

दिनेशला काय सांगायचं ते ठरेना. तो पुढचे रविवार नुसता तिथं जाऊन बसायचा आणि स्कूटर सोडायचा. जुना टायर, स्वच्छ रस्ता. ती यायची, कलायची, जायची. पुन्हा सोडायचा. ऊन पत्र्यावर तापत असायचं, खाली वॉचमन रेडिओ लावून डुलक्या घ्यायचा, आणि वर हा माणूस आपल्या बायकोला पुन्हा पुन्हा घरी पोचवायचा.

अशाच एका रविवारी, पावसाळ्याच्या तोंडावर, मागं चाहूल लागली. ललितनं वळून पाहिलं तर दारात दिनेश. वॉचमननं वर पाठवलं होतं. किती वाळला होता पोरगा! शर्ट खुंटीवर अडकवल्यागत अंगावर लोंबत होता. त्याची नजर पडद्यावर होती. पडद्यावर ते वळण होतं, आणि स्कूटर उतारावरून येत होती. दिनेशनं खुर्चीची पाठ घट्ट धरली. स्कूटर आली, कलली आणि गेली.

"गेली," दिनेश म्हणाला. "दाजी, गेली की ती! पडली नाय!"

ललितला पडदा बंद करायचं सुचलं नाही.

"ह्याच्यात काय बदललंय?" दिनेशनं विचारलं. "काय बदललं म्हून गेली?"

ललितनं त्याच्याकडे पाहिलं. उकिरड्यात पुरलेला तो डबा त्याला दिसला. अक्काबाई दिसल्या, सोमाबाबा दिसले. खरं बोलायला त्याला एकच शब्द पुरला असता. खोटं बोलायलाही एकच पुरला.

"टायर," तो म्हणाला.

"नवा?"

"नवा टायर घातला, म्हणून गेली. नागलीचं काही नाही त्यात. टायर गुळगुळीत होता."

दिनेश खाली बसला आणि तोंडावर हात घेऊन रडला. बहीण गेल्यापासून तो रडलाच नव्हता. ललित त्याच्या पाठीवरून हात फिरवायला वाकला. तेवढ्यात रडणं थांबलं, पाठ ताठ झाली, आणि दिनेशनं तो हात बाजूला सारला.

"ताई तुम्हाला सांगत व्हती," तो म्हणाला. "मी शेजारी बसलेलो अन् ती फोनवर तुम्हाला सांगत व्हती, टायर बदला म्हून."

"हो."

"मंग का नाय बदलला?"

उत्तराची वाट न बघता दिनेश उठला आणि जिना उतरून गेला.

त्यानंतर पाड्यावरून बोलावणं आलं नाही. ललित एकदा आपण होऊन गेला तेव्हा सोमाबाबांनी खाट दिली, पाणी दिलं, आणि थट्टा केली नाही. उठताना एवढंच म्हणाले, "दुनियेची चाकं मोजता, पावनं, अन् घरचं एक नाय बघितलं?" इतके दिवस जावई म्हणून, पोर म्हणून वागवलं, आता पाव्हणा म्हणाले. अक्काबाई चुलीपुढून उठल्याच नाहीत. ललितनं ते सगळं मुकाट्यानं पदरात घेतलं. ते घर त्यानं स्वतःच्या हातानं गमावलं होतं, पण निदान त्या घरातला पोरगा वाचला होता. तेवढ्या एका गोष्टीवर तो दिवस ढकलत होता.

आणि दिनेश खरंच सावरला. पेठहून येणारी माणसं सांगायची. त्यानं भाताची आवणी केली, नागली लावली, भातावर रोग पडला तेव्हा रात्रंदिवस राबला. पाड्यावर कुणी दुचाकी घेऊन निघालं की हा आधी वाकून टायर बघायचा आणि गुळगुळीत असला तर चावी काढून घ्यायचा. पोरं त्याला टायरवाला म्हणून चिडवायला लागली. ललितला हे ऐकून हसू यायचं आणि मग ते हसू तोंडातच राहायचं.

वर्ष झालं. रोशनीच्या दिवसाला बोलावलं नव्हतं तरी ललित निघाला. बायकोच्या दिवसाला बोलावणं कसलं? मोटारसायकल घाट उतरायला लागली, आणि पायथ्याचं वळण नजरेत आलं तेव्हा त्याचा हात आपोआप ब्रेकवर आवळला गेला.

वळणावर नागली पसरली होती. चांगली रस्ताभर. आणि कडेला झाडू घेऊन दिनेश उभा होता. अंगानं भरलेला, उन्हानं काळवंडलेला, धडधाकट.

ललितनं गाडी वरच लावली आणि पायी खाली आला. पायाखाली दाणे करकरले.

"आलात दाजी," दिनेश म्हणाला. बऱ्याच महिन्यांनी त्याच्या तोंडून दाजी निघालं होतं. "या. ताईच्या दिसाला नवी नागली पायजे म्हून आजच मळायला काढली."

"दिनेश, इथं नको पसरू."

"का? इथं चांगली दाबली जाते." त्यानं सहज झाडू फिरवला. "भिऊ नका. टायर चांगला असला म्हंजे काय व्हत नाय. तुम्हीच मोजलं ना?"

ललित तसाच मागं वळला, वळणाच्या वरच्या अंगाला जाऊन रस्त्यात उभा राहिला. एक मोटारसायकल आली. त्यानं हात आडवा करून थांबवली, उतरायला लावली, हातानं ढकलत पलीकडे न्यायला सांगितली. माणूस कुरकुरत गेला. दुसरी आली, तीही थांबवली. दिनेश लांबून हसला. "टायर बघून सोडा ना दाजी! सगळ्यांनाच काय अडवता?"

मग एक स्कूटर आली. नवीकोरी, सीटवरचं प्लास्टिकसुद्धा काढलेलं नव्हतं, हँडलला झेंडूचा हार. चालवणारी पोरगी आणि मागं तिची आई. ललित दोन्ही हात पसरून मधोमध उभा राहिला. पोरीनं हॉर्न वाजवला. तो हलला नाही. आईनं त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि बोल लावले. तो हात जोडून म्हणाला, "उतरा. पाया पडतो, उतरा." शेवटी दोघी उतरल्या आणि स्कूटर ढकलत नागलीवरून निघाल्या. ललित एका बाजूनं हँडल धरून त्यांच्याबरोबर चालला. दाण्यांवर नवं चाक एकदा सटकलं, त्यानं ते पेललं.

स्कूटर दिनेशसमोरून गेली तेव्हा तो हसत नव्हता. तो वाकून तिच्या टायरकडे बघत होता. कारखान्यातून आलेली रबराची बारीक लव अजून त्या टायरवर तशीच होती.

मायलेकी निघून गेल्या. दिनेश तसाच वाकलेला राहिला.

"ही तं नवी गाडी व्हती," तो म्हणाला.

ललितनं वाकून मूठभर दाणे उचलले.

"दाजी. नव्या टायरवर पण?"

दुसऱ्यांदा त्याच्यापुढं तोच एका शब्दाचा प्रश्न आला, आणि या वेळी खोटा शब्द पुरणार नव्हता. खालच्या रस्त्यावर आणखी एका स्कूटरचा आवाज येत होता.

"हो," ललित म्हणाला.

दिनेशनं मान हलवली, जणू त्याला कुणी वाट सांगितली आणि ती कळली. तो रडला नाही. त्यानं झाडू उचलला आणि नागली झाडायला लागला. पोत्याकडे नाही, दरीकडे. कणसं, दाणे, भुसा, सगळं कडेवरून खाली लोटत गेला. रस्ता साफ झाला तरी तो थांबला नाही. नुसत्या डांबरावरून झाडू फिरवत राहिला.

पाड्याकडून अक्काबाई डोक्यावर पाटी घेऊन आल्या. पोराला जेवण आणलं होतं. त्यांनी रिकामा रस्ता बघितला, दिनेशला बघितलं, आणि मग वर्षभरात पहिल्यांदा जावयाच्या तोंडाकडे नीट बघितलं.

ललित त्यांच्याजवळ गेला आणि हळू आवाजात म्हणाला, "मामी, तो फवारणीचा डबा... उकिरड्यात कुठं पुरलाय?"

"त्यो आता तिथं कुठं!" अक्काबाई म्हणाल्या. "भातावर रोग पडला तवा त्यानंच मागितला. बरा झाला म्हून मी उकरून दिला. घरातच हाय, आढ्याला टांगलेला." एवढं बोलल्या आणि त्यांची नजर दिनेशकडे गेली. पाटी त्यांनी रस्त्याच्या मधोमधच खाली ठेवली.

दिनेशनं झाडू कडेच्या दगडाला नीट उभा केला आणि घराच्या दिशेनं चालायला लागला. त्याची पावलं संथ होती. ललित धावत त्याच्याजवळ पोचला आणि त्याच्या दंडाला धरून बरोबर चालू लागला. दिनेशनं हात झिडकारला नाही. धरलेला हात त्याला कळतोय, असंही वाटत नव्हतं.